खेळाच्या पेटीचा वीजपुरवठा



वसंतातील व्याख्यानासाठी व्हिडिओ गेमच्या पेटीचा विषय निवडला, याचे वडीलधाऱ्यांस नवल वाटेल. ज्या पेटीपायी मुलांच्या शाळा बुडाल्या आणि बापाच्या खिशातील रुपये नाहीसे झाले, तिचा कैवार घेण्याचा आमचा हेतू नाही. परंतु गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आपल्या शहरांतून आलेल्या या पेट्या आता भंगारात चालल्या आहेत. त्यांतील कित्येक मेलेल्या नसून केवळ उपाशी आहेत, असे आमचे मत आहे.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीकडे गेले की कागदात गुंडाळलेला सर्किट बोर्ड घेऊन हिंडणारा एखादा हौशी गृहस्थ अजून भेटतो. “बोर्ड गेला, दुसरा मिळेल का?” हा त्याचा प्रश्न. त्यास आमचा उलट प्रश्न एकच: बोर्डावर 5 व्होल्ट मोजलेत का? “पुरवठ्यावर मोजले, बरोबर आहेत,” असे उत्तर येते. घोटाळा नेमका येथेच आहे.

पेटीतील रचना साधी आहे. घरातील 230 व्होल्टची वीज पुरवठा-पेटीत शिरते आणि तेथून 5 व्होल्ट, 12 व्होल्ट व बहुधा उणे 5 व्होल्ट असे दाब निघतात. बोर्डाची बुद्धी चालते ती 5 व्होल्टवर. ध्वनीसाठी 12 लागतात. जपानी उत्पादकांच्या संघटनेने 1985 साली या जोडणीचा एक सामाईक नमुना ठरविला. संघटनेच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘जामा’ म्हणतात. बोर्डाच्या कडेला दोन्ही अंगांस 28 मिळून 56 तांब्याच्या पट्ट्या असतात, व त्यांवर कनेक्टर घट्ट बसतो. त्यापूर्वीच्या पेट्यांची तऱ्हा निराळी. 1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधील 8080 या चिपला तर तिन्ही दाब लागत, अशा यंत्रात उणे 5 तुटले तर चिप जळण्याचाही संभव. म्हणून नकाशा पाहिल्यावाचून जुन्या पेटीला हात लावू नये.

आता मोजणीकडे वळू. त्या काळच्या चिपांना 4.75 ते 5.25 व्होल्ट लागतात. पुरवठ्यावर 5 असले आणि बोर्ड 3 अँपिअर खात असला, तर जाण्याच्या व येण्याच्या तारांत मिळून 0.12 ओहम इतका क्षुल्लक विरोधसुद्धा 0.36 व्होल्ट गिळतो. बोर्डाच्या वाट्यास 4.64 येतात. मग चित्र थरथरते, खेळ मध्येच पहिल्यापासून सुरू होतो, आणि आपण म्हणतो, बोर्ड बिघडला!

येथे कोणी म्हणेल, तार आम्ही मीटरने तपासली, ‘टीं’ असा आवाज आला. अहो, सोळा धाग्यांच्या तारेतील एक धागा शाबूत असला तरी तो आवाज येतो. वाड्यात साऱ्या तोट्या बंद असल्या की माडीवरच्या नळालाही जोर दिसतो. खाली चार तोट्या सुटल्या म्हणजे खरी परीक्षा. तसेच हे आहे. पेटी चालू असताना मीटरचे एक टोक पुरवठ्याच्या 5 व्होल्टच्या स्क्रूवर आणि दुसरे बोर्डावरील त्याच तारेच्या शेवटाला टेकवावे. आकडा जवळजवळ शून्य यावयास हवा. 0.2 आला तर चोर त्याच वाटेवर आहे. हाच प्रयोग परतीच्या, म्हणजे ग्राउंडच्या तारेवरही करावा. तिला सारेच विसरतात.

आमच्या हातून झालेली चूक सांगतो. एका पेटीत बोर्डावर दाब कमी येत होता. पुरवठ्यावर दाब वाढविण्याचा छोटा स्क्रू असतो, तो आम्ही पिळला; पुरवठा 5.9 झाला, बोर्डावर 5 आले, चित्र स्वच्छ! महिन्याभराने काळवंडलेला कनेक्टर दिसला, तो खोडरबराने व स्पिरिटने लख्ख केला, आणि स्क्रूची आठवण राहिली नाही. अडथळा गेल्यामुळे बोर्डावर एकदम 5.8 च्या आसपास दाब पडला. संध्याकाळभर पेटी चालली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर नुसता कचरा होता. तो बोर्ड पुन्हा बोलला नाही. तेव्हापासून आमचा क्रम ठरला: आधी जोडणी साफ, मग मोजणी, आणि स्क्रू सर्वांत शेवटी.

कनेक्टर का काळवंडतो, तेही पाहा. जामा जोडणीत 5 व्होल्टसाठी चार पट्ट्या राखलेल्या आहेत, कारण भार वाटला जावा. काटकसरी मिस्त्री एकाच पट्टीला तार जोडून मोकळा होतो. सारा भार त्या एका टोकावर. ते तापते, तापले की स्प्रिंग सैल पडते, सैल पडले की आणखी तापते. चारही पट्ट्यांना स्वतंत्र जाड तारा द्याव्यात.

पुरवठाच संशयास्पद असेल, तर बोर्ड काढून ठेवावा व 5 व्होल्टच्या तारांवर मोटारीचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब लावावा. तो मंद जळतो, पण सुमारे 1 अँपिअर खातो. एवढ्या भारालाही दाब ढळला तर पुरवठा बदलावा. काही पुरवठे भारावाचून सुरूच होत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

पडद्याविषयी मात्र गंमत नाही. जुन्या काचेच्या पडद्याला हजारो व्होल्ट लागतात आणि पेटी बंद केल्यावरही ते नळीत साठून राहतात. शिवाय पुष्कळ मॉनिटरांचा सांगाडा थेट घरच्या विजेशी जोडलेला असतो; त्यांच्या आधी विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर लागतो. “हा लोखंडी ठोकळा कशाला?” म्हणून तो काढून टाकलेल्या पेट्या आम्ही पाहिल्या आहेत. तशा पेटीत बोर्डाचे ग्राउंड व मॉनिटरचा सांगाडा एकत्र आले की फ्यूज उडणे हा सुखाचा शेवट. दुसरा शेवट पेटीला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततो. जपानहून आलेल्या पेट्या 100 व्होल्टच्या. त्यांना दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर वेगळा लागतो, आणि तो अर्थिंगचे काम करीत नाही. पेटीचा लोखंडी भाग तिसऱ्या तारेला जोडलेलाच हवा. पडद्याच्या मागची कामे जाणत्या टीव्ही-कारागिराकडेच सोपवावीत.

राहता राहिला बाजार. तपकीर गल्लीत जाताना जुना कनेक्टर नमुना म्हणून बरोबर न्यावा. दोन पट्ट्यांतील अंतर 3.96 मिलिमीटर असते आणि ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. फ्यूजवरील आकडाही कागदावर लिहून न्यावा. दुकानदार मोठा फ्यूज देऊ लागला, तर घेऊ नये.