व्हिजिकॅल्कचं न घेतलेलं पेटंट

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या अमेरिकन तरुणांचं ‘व्हिजिकॅल्क’ हे स्प्रेडशीट सॉफ्टवेअर बाजारात आलं. ॲपल टू संगणकावर एक आकडा बदलला, की सगळी बेरीज आपोआप बदलायची! पेटंट मात्र घेतलं नाही. त्या काळी सॉफ्टवेअरला ते मिळणं अवघड, असं वकिलाचं मत पडलं. १९८३मध्ये ‘लोटस १-२-३’ हे तसंच सॉफ्टवेअर आलं आणि त्यानं बाजार काबीज केला.

भारतात काय?

पेटंट कायद्याचं कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाकारतं. तांत्रिक परिणाम साधणाऱ्या शोधाला वाट आहे, पण ती लांबची आणि खर्चाची. कोड लिहिताच कॉपीराइट मिळतो, कल्पनेला मात्र त्याचं कवच नाही. म्हणून एकट्यादुकट्या प्रोग्रॅमरनं पैसा आधी उत्पादनावर लावावा, हेच शहाणपणाचं. शोध खरोखर तांत्रिक असेल, तर तो जाहीर करण्याआधीच अर्ज करावा.