जुन्या बाइकला जाड ऑइल टाकायचं का?

आज बोलूया घरातल्या जुन्या बाइकबद्दल. बाबांची हिरो होंडा स्प्लेंडर आपल्या हातात येते आणि गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो, "इंजिन जुनं झालंय, जाड ऑइल टाका." टाकायचं का?

माझं उत्तर: आधी मॅन्युअल बघा. स्प्लेंडर 1994 साली आली. तिच्यासाठी कंपनीने सांगितलेलं ऑइल आहे 10डब्ल्यू-30. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका कमी, तितकं थंडीत ऑइल लवकर वाहतं. नंतरचा 30 म्हणजे इंजिन तापल्यावरचा जाडपणा. यात 20डब्ल्यू-50 ओतलं, तर सकाळच्या पहिल्या किकला ऑइल वर हेडपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिथले पार्ट कोरडे घासतात. वर मायलेजही घटतं. बऱ्याच पल्सरना कंपनीच 20डब्ल्यू-50 सांगते. पण ते इंजिन वेगळं. मित्राचं बघून आपलं ठरवू नका.

दुसरं, डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं हवंच. आपल्या बाइकचा क्लच याच ऑइलमध्ये भिजलेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. त्याने क्लच घसरू शकतो. म्हणजे रेस वाढते, पण गाडी पळत नाही. एपीआयचं टेन्शन घेऊ नका. मॅन्युअलमध्ये एसजे असेल आणि दुकानात एसएन मिळालं, तर चालतं.

आता धुराचं बघू. सायलेन्सरमधून निळा धूर येतोय म्हणजे ऑइल जळतंय. फक्त स्टार्ट करताना आला तर वॉल्व्ह सीलवर संशय घ्या, रेस देताना सतत येत असेल तर पिस्टन रिंगवर. जाड ऑइलने धूर काही दिवस कमी दिसेल, पण झिजलेली रिंग भरून येत नाही. सील बदलायचं काम छोटं असतं, तेच टाळत राहिलात तर खर्च वाढतो.

आणि लेव्हल तपासा! या इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर असतं. थोडं जळलं तरी फरक पडतो. गाडी मेन स्टँडवर लावा, तीन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. मग डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता, नुसती आत ठेवून बघा. दर पंधरा दिवसांनी एवढं केलंत तरी पुरे.

तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय सांगतंय ते आम्हाला नक्की कळवा.