मशीन कुणाचं? रांगेतल्या सगळ्यांचं!

आज बोलूया क्लस्टरबद्दल. म्हणजे काय, तर अनेक कॉम्प्युटर नेटवर्कने जोडायचे आणि एकच मोठं गणित त्यांच्यात वाटून द्यायचं.

१९९४ साली नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे प्रोसेसर इथरनेटने जोडले, वर लिनक्स टाकलं. नाव ठेवलं बेओवुल्फ. विद्यापीठांना स्वस्तातला रस्ता सापडला. आपल्याकडे २०१५ मध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन आलं. पुण्याच्या आयसरमधलं ‘परम ब्रह्म’ त्यातलंच.

पण खरी अडचण मशीनची नाही, वाटून घेण्याची आहे. प्रत्येक लॅब आपल्या ग्रँटमधून वेगळा सर्व्हर घेते. पेपरच्या आधी तो फुल्ल, एरवी नुसता पडून. आणि शेजारच्या लॅबमधली पीएचडीची मुलगी लॅपटॉपवर रन लावून आठवडाभर वाट बघत बसते!

सगळ्यांचा मिळून एक क्लस्टर असला, की स्लर्मसारखा शेड्युलर रांग सांभाळतो. किती कोअर, किती मेमरी, किती वेळ हवा ते सांगून जॉब टाकायचा. ‘फेअर-शेअर’ लावलं असेल, तर ज्याने अलीकडे जास्त वापरलं तो मागे सरकतो. मग सिनियर प्रोफेसर असो की एमएस्सीचा पोरगा, हिशोब एकच.

आता दोन कामाच्या गोष्टी. एक, दोन तासांच्या कामाला ४८ तास मागू नका. मोठ्या जॉबसाठी नोड रिकामे होत असतात, तेव्हा मधल्या फटीत छोटा जॉब बसतो. मात्र अगदी काठावरचा वेळही नको. वेळ संपली की जॉब बंद. दोन, लॉगिन नोडवर गणित चालवू नका. ते सगळ्यांचं दार आहे. दारातच पथारी पसरली, तर बाकीच्यांनी आत यायचं कसं?

आणि हो, मशीनसोबत माणूसही लागतो. सॉफ्टवेअर टाकणारा, बिघाड शोधणारा, नवख्यांना शिकवणारा. बजेटमध्ये एसी, यूपीएस असतो, पण त्याचा पगार राहून जातो. मग लाखोंचं मशीन धूळ खातं.

तुमच्या कॉलेजात क्लस्टर आहे का, विचारा. नसेल तर चार जुने पीसी, एक स्विच आणि लिनक्स. शिकायला एवढं पुरतं. भेटूया पुढच्या भागात!