काठाचा गाळ पडून नाही, तो काम करतो
(कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



वैतरणा, पिंजाळच्या काठाला उन्हाळ्यात आपल्या बाया डवरा खोदतात. नदीत साचलेलं पाणी हिरवं, आणि चार हातांवर डवऱ्यात पाणी नितळ. रेती पाणी गाळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गाळणं वेगळं, घाण मोडून टाकणं वेगळं. काठ दोन्ही कामं करतो.

शेतात युरिया पडतो. भात लागेल तेवढा घेतो, उरलेल्याचं नायट्रेट होऊन पावसाबरोबर जमिनीत उतरतं. त्याला रंग नाही, चव नाही, उकळून ते जात नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर ते नसावं. जास्त झालं तर तान्ह्या पोराचं रक्त प्राणवायू नेईनासं होतं, पोर निळं पडतं.

हे पाणी जमिनीखालून नदीकडे सरकतं. वाटेत पुराने आणलेला गाळ लागतो. त्यात कुजका पाला, मुळ्या असतात आणि हवा नसते. तिथले सूक्ष्म जीव पाला खातात आणि हवा नाही म्हणून नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात. मागे राहतो नायट्रोजन वायू. तो हवेत जातो. हवेत तो 78 टक्के आहेच. सांडलेलं डिझेलही असेच जीव हळूहळू मोडतात.

मग कोणी म्हणेल, जमीनच साफ करते तर सोडा कारखान्याचं पाणी! ही फसवणूक आहे. शिसं, क्रोमियम हे धातू कोणताही जीव खाऊन संपवत नाही. ते गाळात अडकतात आणि पुढे सुटूही शकतात. बंगालमध्ये अशाच बिनहवेच्या गाळातून आर्सेनिक सुटून हातपंपाच्या पाण्यात आलं.

ठेकेदार म्हणतो, रेती पडूनच आहे, नेली तर काय बिघडलं? बिघडतं ते हे: रेती गेली की गाळणी गेली, काठ ढासळला की गाळ आणि पाला वाहून गेला, आणि डवरा आटला.

रेती गौण खनिज आहे. 1996 चा पेसा कायदा सांगतो, अनुसूचित क्षेत्रात त्याचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस लागते. ती पंचायतीत गुपचूप होऊ देऊ नका. विषय ग्रामसभेतच घ्यायला लावा. कोऱ्या प्रोसिडिंगवर सही-अंगठा देऊ नका. डवरे कुठे आहेत, किती खोल आहेत, कधी आटतात हे बायांना माहीत आहे. ते त्यांनीच उभं राहून सांगायचं आणि प्रोसिडिंगात लिहून घ्यायचं.

जल, जंगल, जमीन आमची आहे. काठही आमचा आहे. जिंदाबाद!