कंदांना ताण द्या

कंदांची बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ट्यूलिप उभा राहतो. त्याला फुलण्याआधी तीन-चार महिने फ्रिजमधल्याएवढी थंडी लागते. ती पेणेत-रोह्यात कुठून आणणार? आपल्या कंदांना थंडी नको, कोरड हवी. रायगडात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेवढ्यात पानं काढायची, कंद भरून घ्यायचा, दिवाळीनंतर पानं टाकून झोपायचं, हा इथल्या कंदांचा शिरस्ता. कुंडी रिकामी दिसते म्हणून आपला जीव कळवळतो, रोज तांब्याभर पाणी ओततो, आणि कंद कुजतो. पानं पिवळी पडली की पाणी तोडा. डाळिंबवाले बागेला ताण देतात, तसा द्या.

भुईचाफा चैत्र-वैशाखात जमिनीलगतच फुलतो. पान नाही, देठ दिसत नाही. मातीतून थेट पांढरी-जांभळी सुवासिक फुलं. एक फूल एकच दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरं. फुलं संपल्यावर पानं येतात, वरून रुपेरी नक्षीची, खालून जांभळट. आंब्याखालच्या विरळ सावलीत, पालापाचोळ्याच्या खतात लावा. फुटबॉल लिली मूळची आफ्रिकेची, पण वळवाची चाहूल तिला आपल्याइतकीच कळते. मेमध्ये लालभडक चेंडू येतो. तिच्या कंदाची मान मातीच्या वर ठेवा आणि दरवर्षी उकरून पाहू नका. उकरलेली लिली रुसते.

आता शेवळं. मेअखेरीस कातकरी बायका त्यांच्या जुड्या बाजारात आणतात, आपण काकडं सोबत घेतो आणि घरी कणी शिजते. ही शेवळं म्हणजे सुरणाच्या भाऊबंदाची न उमललेली फुलं. घशाला खाज सुटते ती त्यांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी. परसात शेवळं जरूर लावा, पण सगळीच खुडू नका. एखादं उमलू द्या. पुढे लागणारी लाल फळं दाखवायला मुलांना हाक मारावी अशी असतात.

रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. केंब्रिजात त्यांनी पारितोषिक मिळवलं होतं ते वनस्पतिशास्त्रात. तेव्हा हा विषय काही गावाला परका नाही.

पेणच्या खारेपाटातल्या श्रोत्यांनी मात्र जमिनीत लावायच्या फंदात पडू नये. खारी, चिकट माती, त्यात पाणी तुंबलेलं. कंद तग धरत नाही. वीतभर उंच वाफा करा, गोडी माती, वाळू आणि शेणखत घाला, किंवा सरळ कुंडी घ्या. आणखी एक खबरदारी: लिलीचे आणि आपल्या डोंगरांवर फुलणाऱ्या गडांबीचे कंद विषारी असतात, दिसायलाही कांद्यासारखेच. स्वयंपाकघराच्या टोपलीजवळ ते ठेवू नका.

डोंगरावर फुललेली गडांबी पाहून पहार हातात घेणारे हौशी लोक मला अजिबात आवडत नाहीत. तिच्या कुळातल्या काही जाती फक्त पश्चिम घाटातच उरल्या आहेत. शिवाय उकरायची गरजच नसते. गडांबीचं बी मांसल असतं, आतच पाणी साठवलेलं. नुसतं ओट्यावर ठेवलं तरी त्याला कोंब फुटतो. पावसात फळं पिकून लवली की दोन-चार बिया उचला, ओलसर वाळूवर टेकवा, पुरू नका. फुलाला काही वर्षं लागतील.