देवाचें पावित्र्य व आमचें जीवितकार्य
(ज्युबिलीच्या निमित्तानें दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्या धर्मग्रामाची ज्युबिली. अशा दिवशीं देऊळ कोणीं बांधलें, घंटा कोणीं दिली, शाळा कशी उभी राहिली, हें सारें कृतज्ञतेनें आठवणें उचितच आहे. परंतु हें सर्व कोणत्या कार्यासाठीं उभें राहिलें, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. त्याचें उत्तर आम्ही आपल्या कर्तबगारींत शोधूं लागलों तर तें सांपडणार नाहीं. तें देवाच्या पावित्र्यापाशीं सांपडतें.

लेवीय ग्रंथांत ज्युबिलीचा नियम दिला आहे. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, दासांस मोकळें करावें व विकलेली जमीन मूळ कुळास परत द्यावी. ह्याचें कारण असें कीं, भूमि परमेश्वराची आहे; माणसें तिजवर पाहुण्यांसारखीं राहतात. तेव्हां ज्युबिली हा मालकी मिरविण्याचा सण नसून खरा धनी कोण, हें ओळखण्याचा सण होय.

हें ओळखलें नाहीं म्हणजे काय होतें, तें उज्जीया राजाच्या चरित्रांत दिसतें. त्यानें यरुशलेमांत 52 वर्षें राज्य केलें. बुरूज बांधले, विहिरी खणल्या, शेतीस उत्तेजन दिलें. परंतु बळ वाढतांच गर्वहि वाढला. जें काम याजकांचें, तें धूप जाळण्याचें काम आपणच करावें म्हणून तो मंदिरांत शिरला. तेथेंच त्याच्या कपाळावर कोड उठलें व मरेपर्यंत त्यास वेगळ्या घरांत राहावें लागलें.

तो राजा ज्या वर्षीं मरण पावला, त्याच वर्षीं यशयास दर्शन झालें. उंच सिंहासनावर प्रभु बसला होता. सराफदूत सहा पंखांपैकीं दोहोंनीं तोंड व दोहोंनीं पाय झांकून, उरलेल्या दोहोंनीं उडत होते आणि तीन वेळां त्याचें पावित्र्य गात होते. उंबरठे हादरले, मंदिर धुरानें भरलें. यशया पुढें सरसावला नाहीं. आपले ओठ अशुद्ध आहेत व आपण अशुद्ध ओठांच्या लोकांत राहतों, असें म्हणून तो हाय हाय करूं लागला. मग वेदीवरील निखारा त्याच्या ओठांस लागला व त्याचें पाप दूर झालें. राजा हक्क सांगत गेला, तो कोडी होऊन बाहेर पडला; संदेष्टा दीन होऊन उभा राहिला, तो शुद्ध झाला व त्यास काम मिळालें.

ह्या दर्शनांतील तीन गोष्टी मनांत धराव्या.

पहिली गोष्ट क्रमाची. आधीं दर्शन, मग पश्चात्ताप, मग शुद्धि, आणि शेवटीं कार्य. पेत्राचेंहि तसेंच झालें. जाळीं माशांनीं भरलीं तेव्हां तो येशूच्या पायां पडला व मी पापी आहें, माझ्यापासून दूर जा, असें म्हणूं लागला. येशू दूर गेला नाहीं. त्यानें त्यास माणसें धरणारा केलें. आम्ही पुष्कळदां हा क्रम उलटा करितों. आधीं समित्या नेमतों, वर्गणी गोळा करितों, आणि गुडघे टेंकण्यास वेळ उरत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, देवानें यशयास आज्ञा केली नाहीं. कोणास पाठवूं, असा प्रश्न केला. ज्याचे ओठ नुकतेच शुद्ध झाले, तो आपण होऊन पुढें आला. भीतीनें केलेली चाकरी निराळी व क्षमा मिळाल्यावर आनंदानें केलेली सेवा निराळी.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. यशयास यशाचें आश्वासन मिळालें नाहीं. लोक ऐकतील पण समजणार नाहींत, असेंच त्यास सांगण्यांत आलें. तोडलेल्या झाडाचा बुंधा तेवढा उरेल, आणि त्यांत पवित्र बीज राहील. तेव्हां आमच्या कार्याचें मोल फळ मोजून ठरत नाहीं, पाठविणारा कोण ह्यावरून ठरतें.

आमच्या वसईच्या भूमीनें ह्याची साक्ष दिली आहे. संत गोन्सालो गार्सिया येथें जन्मले. जेझुइट धर्मगुरूंच्या सहवासांत जपानास गेले. कांहीं काळ त्यांनीं व्यापारहि केला. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत ते साधे बंधु म्हणून दाखल झाले. 1593 सालीं दुभाषी म्हणून पुन्हा जपानास गेले. तेथें त्यांच्या संघानें कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. 5 फेब्रुवारी 1597 रोजीं नागासाकी येथें 25 सोबत्यांसह त्यांनीं क्रूसावर प्राण दिला. त्या दिवशीं जगाच्या दृष्टीनें सारें संपलें होतें. 1862 सालीं नववे पायस ह्यांनीं त्या 26 जणांस संतपद दिलें. बुंध्यांत बीज होतें.

बंधुभगिनींनो, सराफदूतांचें तें गान प्रत्येक मिस्सेंत आमच्या तोंडीं येतें. जुन्या लॅटिन विधींत शुभवर्तमान वाचण्यापूर्वीं धर्मगुरु जी प्रार्थना करीत, तींत यशयाच्या निखाऱ्याचें स्मरण असे. आणि मिस्सा हा शब्दच निरोप देऊन पाठविणें ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. म्हणजे वेदीपासून निघून दारापर्यंत पोंचलों कीं मिस्सा संपली, असें नव्हे. तेथून आमचें कार्य सुरू होतें.

आज आमच्या वाड्यांतून केळीच्या बागा जाऊन इमारती आल्या. जमिनीस भाव आला, हातांत पैसा आला. अशा वेळीं आम्ही कशासाठीं आहोंत, हा प्रश्न घराघरांत उभा आहे. जी सून अंथरुणास खिळलेल्या सासूची सेवा करिते, जो शिक्षक मंद मुलाजवळ पुन्हा पुन्हा बसतो, जो मच्छीमार तोललेल्या मापांत खोट करीत नाहीं, त्यांचें नांव कोणत्याहि शिलालेखावर नसेल. पण तीं पाठविलेलीं माणसें आहेत. त्यांच्या कामाचा निखारा वेदीवरूनच आलेला आहे.

तेव्हां ह्या ज्युबिलीस देवाजवळ एवढेंच मागूं कीं, त्याच्या पावित्र्यापुढें आमचा गर्व गळो, आमचे ओठ शुद्ध होवोत, आणि त्याचा प्रश्न कानीं पडतांच ह्या धर्मग्रामांतून कोणीतरी उठून पुढें येवो. आमेन.