जनरल थोरातांचा इशारा



सेनापतीची थोरवी आपण त्याने जिंकलेल्या लढायांवरून मोजतो. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांनी त्याही जिंकल्या. पण आज मला बोलायचे आहे ते त्यांना न लढता आलेल्या एका लढाईविषयी.

करवीरच्या मातीतला हा मराठा तरुण १९२६ साली सँडहर्स्टमधून अधिकारी होऊन बाहेर पडला. जानेवारी १९४५ मध्ये आराकानातील कांगॉ येथे जपान्यांशी निकराचा संग्राम झाला. तेथे एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक भारतीय होते : थिमय्या, थोरात आणि सेन. तिघांनाही डी. एस. ओ. मिळाले. हिंदी माणसाला पलटण चालवता येत नाही, म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर काय हवे होते?

१९५३ साली कोरियात युद्धबंद्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. बंद्यांनी आपला एक मेजर पळवून नेला, तेव्हा थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावात शिरले आणि बोलण्याच्या बळावर त्याला सोडवून घेऊन आले.

१९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे सेनापती झाले. नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची सीमा त्यांच्या अखत्यारीत आली. १९५९ साली त्यांनी सरकारला लेखी कळविले, की सीमेवरील विखुरलेली ठाणी मोठ्या हल्ल्यापुढे टिकणार नाहीत. शत्रूला आत येऊ द्यावे, त्याची रसद लांबवावी आणि मागे, आपल्या सोयीच्या जागी त्याला गाठावे. केवळ टिपण धाडून ते थांबले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ या नावाने त्याचा सरावही करून दाखविला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना चीनकडून असा धोका संभवतच नव्हता!

१९६१ मध्ये थिमय्यांनी आपल्यामागे थोरातांचे नाव सुचविले. सरकारने थापर यांना निवडले. थोरात निवृत्त होऊन कोल्हापूरला परतले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी लोंढा आला. ठाणी कोसळली. महिनाभरात से ला आणि बोमदिलाही गेले. चिनी हल्ल्यानंतर कुठे पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना दिल्लीस बोलावून घेतले. हे टिपण आपल्यापर्यंत का आले नाही, असे त्यांनी विचारल्याचे थोरातांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्या टिपणावरील शाई वाळून तीन वर्षे झाली होती.